आमदार भाऊ, कमान राहू द्या, पट्ट्याचं बोला

प्रति,
आमचे आमदार भाऊ,
जनसंपर्क कार्यालय, नागपूर

विषय: वस्तीची स्वागत कमान आणि आमच्या मालकी पट्ट्यांची फाइल.

भाऊ, नमस्कार, जय भीम.

तुमचं नाव मुद्दामच टाकत नाही. नाव टाकलं की तुमचे कार्यकर्ते म्हणतील बदनामी केली, मग चार दिवस फक्त हेच चालेल की कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं, आणि मूळ विषय राहील बाजूला. तुम्ही सत्तेत की विरोधात हेही लिहीत नाही, कारण आमच्या फाइलला त्याने आजपर्यंत काही फरक पडला नाही. वाचलं की तुम्हाला आपोआप कळेल कोणती वस्ती आणि कोण लिहून राहिलं. वस्तीची सगळी निवेदनं ज्या बाईच्या अक्षरात जायची तीच मी, ब्लाऊज शिवणारी, दोन नंबर गल्ली.

मागच्या आठवड्यात वस्तीच्या तोंडाशी भूमिपूजन झालं. नारळ फुटला, फोटो निघाले, बोर्ड लागला की आमदार स्थानिक विकास निधीतून भव्य स्वागत कमान. मी शिलाई मशीनवरून उठून गेले तेव्हा तुम्ही निघून गेला होता, पुढचा कार्यक्रम होता म्हणे. तिथं उभ्या असलेल्या इंजिनिअरला मी सहज विचारलं, साहेब हे खांब कोणाच्या जागेवर घेऊन राहिले? त्यानं बिचाऱ्यानं फाइल उघडून दाखवली. ना हरकत प्रमाणपत्र होतं. जावक क्रमांक, सही, गोल शिक्का, सगळं व्यवस्थित. आणि देणारं ऑफिस कोणतं, तर तेच, ज्यांनी आम्हाला आत्तापर्यंत लेखी दिलंय की सदर जागा आमच्या अभिलेखात आढळून येत नाही.

मी तो कागद दोनदा वाचला. कमानीसाठी जागा त्यांची आहे, आणि आमच्या घरांसाठी त्यांना ती सापडत नाही. हे पत्र त्या कागदामुळे लिहिलं, नाहीतर मी आणखी काही दिवस गप्पच बसले असते.

आता जे लोक बाहेरचे आहेत आणि हे वाचतील त्यांच्यासाठी थोडं सांगते, तुम्हाला तर पाठ आहे. नागपुरात चारशेच्या वर झोपडपट्ट्या आहेत आणि त्या एका मालकाच्या जागेवर नाहीत, कुठं नासुप्रची म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासची जमीन, कुठं मनपाची, कुठं नझूल म्हणजे सरकारी, कुठं रेल्वे, कुठं खाजगी, आणि काही ठिकाणी झुडपी जंगल, म्हणजे महसुली कागदावर झुडपांची म्हणून नोंदलेली जमीन. झुडपीचं प्रकरण तर वेगळंच आहे, 22 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की झुडपी जंगल म्हणजे जंगलच, आणि 12 डिसेंबर 1996 च्या आधी वाटप झालेल्या जमिनींसाठी नियमित करायचा वेगळा रस्ता ठेवला. आमची जागा त्यात येत नाही, हे तुम्हीच उतारे काढून दाखवलं होतं. मुंबईत झोपडपट्टी म्हटलं की बिल्डर, टॉवर, एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन. इथं तसं नाही, इथं माणसानं आधी कुडाचं केलं, मग विटा रचल्या, मग पोराच्या लग्नाआधी स्लॅब टाकला, त्यामुळे आम्हाला कोणी फ्लॅट द्यावा ही मागणीच नाही, ज्या जागेवर घर उभं आहे तिचा रजिस्ट्री झालेला पट्टा द्या एवढंच म्हणणं आहे. आमच्याकडे टॅक्स पावती आहे, लाइट बिल आहे, मतदान कार्ड आहे, राशन कार्ड आहे. यातलं एकही मालकीचा पुरावा नाही हे मला कोणी शिकवलं, तुम्ही शिकवलं.

आमदार व्हायच्या आधी, चळवळीत असताना, तुम्ही शिकवलेलं खूप आहे आणि ते मी नाकारत नाही. 1971 चा झोपडपट्टी कायदा, कलम 4 खाली वस्ती घोषित झाली म्हणजे जमीन आपली झाली असं नाही, हे तुम्ही समाजभवनात सतरंजीवर बसून बायकांना समजावलं होतं. 1 जानेवारी 2000 च्या आधीचा रहिवास असेल तर संरक्षण कसं, 2011 पर्यंतचा असेल तर सशुल्क पुनर्वसन कसं, तेही तुम्हीच. 2015 ला प्रधानमंत्री आवास योजना आली तेव्हा सगळीकडे फॉर्म वाटत होते, बाकीच्या पुढाऱ्यांनी फक्त फॉर्म वाटले, तुम्ही एकटे असे होता की म्हणाले, केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतील हे खरं आहे पण आपल्या जागेवर घर बांधायचं तर जागा नावावर लागेल, म्हणून आधी पट्टा, मग घरकुल. तेव्हा घोषणा होती 2022 पर्यंत सगळ्यांना घर. 2022 गेलं, सप्टेंबर 2024 पासून योजनेचा दुसरा टप्पा पण सुरू झाला, आमच्या गल्लीतल्या विधवा मावशीचा अर्ज अजून त्याच रकान्याला अडकतो, मालकी हक्काचा पुरावा. पावसाळ्यात ती टिनावर जुने फ्लेक्स बांधते, आणि त्यातला एक फ्लेक्स तुमच्या वाढदिवसाचा आहे. हे टोमणा म्हणून नाही सांगत, फ्लेक्सचं कापड मजबूत असते म्हणून ती वापरते.

आणि 2005 चा तो विलंबाचा कायदा, बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा. कलम 10, कोणत्याही टेबलावर फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबायला नको. तुम्ही ते एका बाबूला तोंडावर वाचून दाखवलं होतं आणि तो पाणी प्यायला उठून गेला तो आलाच नाही. आम्ही किती हसलो होतो त्या दिवशी.

तर भाऊ, गाऱ्हाणं आता तुमचंच, तुमच्याचकडे.

पहिलं म्हणजे पोच. तुमचा नियम होता, निवेदन दिलं की पोच घेतल्याशिवाय जागचं हलायचं नाही, दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का, साहेब मीटिंगमध्ये असू दे नाहीतर जेवायला, आपण बसून राहायचं. माझ्याकडे त्या पोच लावलेल्या प्रतींची जाड फाइल आहे, कोपरे पिवळे पडले. त्यात मंत्र्यांच्या ऑफिसचा शिक्का आहे, कलेक्टर ऑफिसचा आहे, आणखी कुठकुठले आहेत. फक्त तुमच्या ऑफिसचा नाही. तुमचा पीए निवेदन घेतो, म्हणतो भाऊ आपलेच आहेत, पोच कशाला पाहिजे ताई, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून द्या. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं आम्हाला हे शिकवलं त्याच्याच ऑफिसमध्ये आवक रजिस्टर नाही, याला काय म्हणायचं? व्हॉट्सअॅपवर टाकलं तर दोन निळ्या रेघा येतात आणि वरून हात जोडलेलं चित्र येते. त्याला तारीख असते पण जबाबदारी नसते.

दुसरं, अधिवेशन. 1953 चा नागपूर करार झाला, त्यात ठरलं की वर्षातून निदान एक अधिवेशन नागपूरला होईल, त्यामुळे सरकार आमच्या दारात येते असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. येते खरं, पण मॉरिस कॉलेज टी-पॉइंटच्या पुढे आम्हाला येऊ देत नाही, तिथं बॅरिकेड, तिथंच रस्त्यावर बसायचं, थंडीत, आणि आतमध्ये कामकाज किती दिवस चालते तर 2024 चं 16 डिसेंबरला सुरू झालं आणि 21 ला संपलं. तुम्ही बाहेर होता तेव्हा यशवंत स्टेडियमपासून आमच्या पुढे चालायचे, टी-पॉइंटला खाली बसायचे आणि मंत्री येत नाही तोपर्यंत उठायचे नाही. निवडून आल्यावर पहिल्या हिवाळ्यात आम्ही मोर्चा काढला तो काय तुमच्या विरोधात नव्हता, उलट बायका खुश होत्या की आता आतमध्ये आपला माणूस आहे. आम्ही दुपारभर बसलो. विधान भवन तिथून किती दूर आहे, चालत गेलं तर चहा थंड होणार नाही. तुम्ही आला नाही, पीए आला, त्यानं निवेदन घेतलं, फोटो काढला आणि संध्याकाळी तुमच्या पेजवर टाकला, शिष्टमंडळाच्या भावना समजून घेतल्या म्हणून. भावना समजायला फाइल पुरे नव्हती का जी?

यात मला खरा राग कशाचा आला ते सांगते. तुम्ही नाही आला त्याचा नाही. कामात असतील समजू शकते. राग याचा की आतमध्ये तुमच्याजवळ जे हत्यार आहे ते तुम्ही वापरलं नाही. बाहेर असताना आमच्याजवळ काय होतं, घसा आणि सतरंजी. आत तारांकित प्रश्न आहे, मंत्र्याला उत्तर द्यावं लागते. नियम 105 ची लक्षवेधी आहे, तातडीच्या विषयावर मंत्र्याकडून निवेदन मागायची. अर्धा तास चर्चा आहे, नियम 293 चा चर्चेचा प्रस्ताव आला की त्यात बोलता येते, पुरवणी मागण्यांवर बोलता येते. आणि मंत्री सभागृहात हो म्हणाला की ते आश्वासन ठरते, त्याच्या मागे लागायला वेगळी आश्वासन समिती बसवलेली आहे. हे सगळं मला कसं माहीत म्हणाल तर निवडणुकीच्या वेळी तुम्हीच प्रत्येक कोपरा सभेत सांगत होता की एकदा आत पाठवा, बाहेर दहा वर्षं ओरडून जे होत नाही ते एका लक्षवेधीत होते. बायकांना लक्षवेधी हा शब्द तेव्हापासून पाठ आहे. भाजी घेताना सुद्धा गमतीनं म्हणतात, भाऊची लक्षवेधी आली का गं. आमच्या वस्तीच्या पट्ट्यावर, किंवा नागपुरातल्या कुठल्याही वस्तीच्या पट्ट्यावर, तुमच्या नावाचा एक प्रश्न मला दाखवा. मी शोधला, मला नाही सापडला.

तुम्ही म्हणाल 288 मध्ये मी एक, माझं कोण ऐकते. असं म्हणायचा हक्क दुसऱ्या कोणाला असेल, चळवळीतून गेलेल्या माणसाला नाही. मृणालताई गोरे गोरेगावच्या पाण्यासाठी हंडे घेऊन रस्त्यावर उतरायच्या, लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणायचे, 1972 ला त्या आमदार झाल्या, पण विधानसभेत गेल्यावर त्यांनी बाहेरचा आवाज बाहेर ठेवून नाही दिला. पुढे गर्भलिंग तपासणीवर बंदी यावी म्हणून त्यांनी अशासकीय विधेयक आणलं. सरकार त्यांचं नव्हतं, तरी विषय असा लावून धरला की 1988 ला महाराष्ट्रानं कायदा केला, देशाचा कायदा तर 1994 ला आला, आपल्या सहा वर्षं मागून. आणि इतक्या दूर कशाला जायचं, आपल्या नागपुरातून कामगारांचे नेते ए. बी. बर्धन 1957 ला अपक्ष निवडून गेले होते. पक्षाचा व्हीप नाही, मंत्र्यांची ओळख नाही, तरी लोकांनी पाठवलं कारण हा माणूस गिरणीच्या गेटवर उभा असतो हे माहीत होतं. विदर्भवादी नेते जांबुवंतराव धोट्यांसारखं तुम्ही सभागृहात पेपरवेट फेका असं कोणी म्हणून नाही राहिलं. प्रश्न विचारा, एवढंच.

तिसरं, सर्व्हे. पीटीएस सर्व्हे, म्हणजे प्लेन टेबल लावून घरांची मोजणी, झाला तेव्हा तुम्ही आमदार नव्हता, पण तुमच्याच रेट्यामुळे झाला हे सगळ्या वस्तीला मान्य आहे. पोरं टेबल आणि टेप घेऊन आली, घराघरात मापं घेतली, आणि भिंतीवर लाल ऑइल पेंटनं नंबर टाकून गेली. त्यानंतर यादी लागणार होती, आक्षेप होणार होते, मग किती पैसे भरायचे त्याची डिमांड निघणार, मग पैसे भरून रजिस्ट्री. यादीच लागली नाही. त्या नंबरचं काय झालं माहीत आहे का तुम्हाला? लोक दिवाळीला घराला रंग देतात तेव्हा तेवढा चौकोन सोडून देतात. नवीन हिरवा, नवीन गुलाबी रंग, आणि मध्ये जुन्या चुन्याचा एक तुकडा, त्याच्यावर लाल आकडा. पुसला तर आपलं घर यादीतून जाईल अशी भीती. एकदा तुम्ही गाडी बाहेर ठेवून गल्लीत पायी या, दोन्ही बाजूला तेच चौकोन दिसतील. आता तो सर्व्हे जुना झाला, नवीन करावा लागेल असं ऑफिसवाले तोंडी सांगतात, लेखी देत नाही.

बाकी छोट्या गोष्टी आहेत त्या लांबवत नाही. गल्लीत गट्टू म्हणजे सिमेंटचे ब्लॉक बसवले, चांगलं केलं, फक्त नालीची लेव्हल वर गेली आणि पाणी आता घरात येते. ग्रीन जिम बसवली, त्यावर कपडे वाळतात, उपयोग तर होऊन राहिला.

पण नाल्याचं सांगावंच लागेल. 22-23 सप्टेंबर 2023 ची रात्र, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी शहरात शिरलं, टीव्हीवर सगळी नावं मोठ्या कॉलन्यांची होती. आमच्या मागच्या नाल्यानेही त्या रात्री हिसका दाखवला, शेवटच्या रांगेतल्या घरांत कमरेएवढं पाणी, गहू-तांदूळ सगळं गेलं. सरकारनं दहा हजारांची मदत जाहीर केली, पंचनामे सुरू झाले, तेव्हा तुम्ही स्वतः चिखलात उभे राहून म्हणाले की इथं संरक्षक भिंत झाली पाहिजे आणि ती मी करून देईन. वर्षाला पाच कोटींचा निधी आहे आमदाराला. त्यात भिंत बसली नाही आणि कमान बसली, हे गणित मला समजावून सांगा. कमानीवर तुमचं नाव येईल, भिंतीवर येणार नाही, एवढंच कारण असेल तर भिंतीवर पण लिहा भाऊ, मोठ्या अक्षरात लिहा, आमची काही हरकत नाही.

कमानीला विरोध करतेय म्हणून काही लोक माझ्यावर रागावतील, वस्तीचेच. त्यांना वाटते आपल्या वस्तीला पण गेट असावं, रिक्षावाल्याला पत्ता सांगता यावा. वाटू द्या, मलाही वाटते. पण आधी घर कायदेशीर, मग त्याचं दार सजवू.

मागण्या सरळ आहेत, निवेदनात लिहायची तशाच लिहिते.

1. कमानीसाठी मिळालेल्या ना हरकत प्रमाणपत्राची प्रत आम्हाला द्या, आणि तोच कागद धरून त्या ऑफिसला लेखी विचारा की जागा तुमची आहे तर पट्ट्याची कार्यवाही का थांबली. तुम्ही नाही मागितली तर माहितीच्या अधिकारात मी मागेन, तीस दिवस थांबू, पण तुम्ही मागितली तर एका दिवसात येते.

2. ते ऑफिस, महापालिका आणि नगर भूमापन, तिघांना एका महिन्याच्या आत वस्तीत बोलवा. त्यांच्या केबिनमध्ये बैठक नको. संयुक्त मोजणीची तारीख तिथंच ठरवा, इतिवृत्त लिहा, प्रत आम्हाला द्या. जुना सर्व्हे चालणार नसेल तर तसं लेखी द्यायला सांगा.

3. येत्या अधिवेशनात पट्ट्यांवर तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी टाका. लागली नाही, चिठ्ठीत नंबर आला नाही, समजून घेऊ. पण तुम्ही टाकली होती याची प्रत दाखवा. आमच्या एका वस्तीपुरतं नको, नागपुरात सर्व्हे होऊन किती वस्त्यांची यादी अडकली आहे हे सरकारला सभागृहात सांगायला लावा.

4. कमानीचं काम सध्या थांबवा आणि तो निधी नाल्याच्या भिंतीला वळवता येतो का ते बघा. वळवता येत नसेल तर कोणत्या नियमानं येत नाही ते सांगा.

5. पट्टा निघेल तेव्हा नवरा-बायको दोघांच्या नावानं, आणि जिथं बाई एकटी आहे तिथं तिच्याच नावानं. घरकुलात बाईचं नाव लागते, मग जागेत का नको. वस्तीत अशा बायका आहेत ज्यांचा नवरा सोडून गेला आणि राशन कार्डावर मात्र अजून तोच कुटुंबप्रमुख आहे, उद्या पट्टा निघाला तर तो बरोबर हजर होईल.

6. तुमच्या जनसंपर्क कार्यालयात आवक रजिस्टर ठेवा आणि शिक्का बनवून घ्या. सीताबर्डीत पाहिजे तितके शिक्के बनवून मिळतात, फार तर दोन-तीनशे रुपये लागतील.

हे पत्र तुमच्या ऑफिसला पोस्टानं, पोचपावती लावून पण पाठवलं आहे. बैठकीची तारीख ठरली की कळवा, फक्त दुपारी चारच्या आधी ठेवू नका, तोपर्यंत अर्ध्या बायका धुणंभांड्याच्या कामावर असतात. समाजभवनाची चावी माझ्याकडे आहे, सतरंजी आम्ही टाकून ठेवू.

आपली,
दोन नंबर गल्लीतली, निवेदनं लिहिणारी